खंदारे सरांनी गाळलेली पायरी

गणिताचे खंदारे सर नववीच्या वर्गात भिंतीला नाक टेकवून उभे होते आणि मुलं हाताची घडी घालून त्यांच्या पाठीकडे बघत होती. मी शेजारच्या वर्गातून खडू मागायला गेले होते, ती दारातच थांबले. पाठोपाठ मुख्याध्यापक आले.

"सर, हे काय चाललंय?"

"फळ्यापासून दारापर्यंत जायलोय," सर भिंतीला उद्देशून म्हणाले.

"दार इकडे आहे."

"ते मला ठावं हाय, सर. पण पोरांनी वळायला सांगितलं न्हाई."

मागच्या बाकावरून पूनम नावाच्या मुलीनं घाईघाईनं आवाज दिला, "सर, उजवीकडं वळा!" सर वळले आणि वळतच राहिले. किती वळायचं, ते तिनं सांगितलं नव्हतं. हात अंगाला चिकटवलेले, चेहरा गंभीर, केसांत खडूची भुकटी, असा तो माणूस भोवऱ्यासारखा फिरत होता. मुख्याध्यापक आल्या पावली निघून गेले. दोनेक वर्षांत निवृत्त होणाऱ्या माणसाशी काय भांडायचं, हे त्यांच्या पाठीवरही वाचता येत होतं.

आमची शाळा पूर्णा तालुक्यात, चुडाव्याच्या पुढे. मी तिथे मराठी शिकवते आणि ग्रंथालय म्हणून जे दोन कपाटांचं दालन आहे, त्याची किल्ली माझ्याकडे असते. खंदारे सर माझ्याआधीपासून तिथे आहेत. एरवी ते साधे गणिताचे शिक्षक होते. छड्या मारत नसत, गृहपाठ तपासत, डबा एकटे खात. स्टेशनाजवळ एका खोलीत राहात. मुलगा पुण्यात, रविवारी त्याचा फोन येई आणि सर बाहेर येऊन, सिग्नलच्या खांबाखाली उभे राहून बोलत. ही सगळी माहिती माणसाबद्दल असते तेवढीच होती. वेड लागलं ते नंतर.

वेडाचं कारण एक स्पर्धा. संगणकीय विचारांची. नाव ऐकून गावात समज असा झाला, की पोरांना टायपिंग शिकवून कुठेतरी पाठवणार आहेत. दोन पालक तर नोकरी कधी लागेल ते विचारायला आले. प्रत्यक्षात परीक्षेत टायपिंग अजिबात नव्हतं. पडद्यावर कोडी यायची. मोठा प्रश्न तुकड्यांत कसा फोडावा, क्रम कसा लावावा, दुसऱ्याला चुकता येणार नाही अशी सूचना कशी द्यावी, एवढंच त्यात बघायचे. आमच्या शाळेतले कॉम्प्युटर मुख्याध्यापकांच्या खोलीत फुलाफुलांची पांघरुणं घेऊन झोपलेले असतात. सर म्हणाले, झोपू द्या. "यंत्राला हात लावायच्या आधी यंत्रासारखा विचार करता आला पाहिजे. सांगितलं तेवढंच करायचं. एक पायरी जास्त न्हाई, एक कमी न्हाई."

आणि पोरांना ते कळावं म्हणून ते स्वतः यंत्र झाले.

"पायरी गाळली!" हा शब्द तेव्हापासून शाळेत घुमायला लागला. मुलगा म्हणाला, "सर, पाणी पिऊन येऊ?" की सर विचारत, "कसा येशील?" तो म्हणे, "हंड्यातून घेऊन." "झाकण कोण काढंल? पायरी गाळली!" तहानलेलं पोर दारात उभं राहून झाकण काढणं, पेला बुडवणं, पेला तोंडाला लावणं, झाकण परत ठेवणं असं सगळं म्हणून दाखवी आणि मगच सुटे. शिपाई मामांनी एकदा घंटा द्यायला उशीर केला, तर सरांनी त्यांनाही घंटेच्या पायऱ्या विचारल्या. मामा म्हणाले, "सर, पहिली पायरी म्हंजे तुमी बाजूला व्हा."

प्रार्थनेच्या वेळचा प्रकार तर गावभर झाला. उंचीप्रमाणे रांग लावायची साधी गोष्ट. सरांनी पटांगणावर चुन्याच्या फक्कीनं गोल आखले, गोलागोलांना रेघांनी जोडलं आणि मुलांना सांगितलं, की समोरासमोर आलेल्या दोघांनी पाठीला पाठ लावायची, उंच असेल त्यानं उजवीकडच्या रेघेनं जायचं, बुटक्यानं डावीकडच्या. शेवटच्या गोलांत पोचेपर्यंत रांग आपोआप लागलेली असते. लागायचीही. पण तोपर्यंत प्रार्थना संपून पहिला तास अर्धा झालेला असे. त्यातून कुणी मध्येच टाचा उंचावल्या की सगळं पहिल्यापासून.

एक म्हातारी रोज त्या वाटेनं शेताला जायची. ती एके दिवशी फाटकाशी थांबली.

"सर, कशाची शांती मांडली ओ ही?"

"क्रमाची, काकू."

तिनं चपला काढल्या, त्या गोलांना हात जोडले आणि पुढे गेली. दुसऱ्या दिवशी एका गोलात हळदकुंकू होतं. त्या गोलात उभं राहायचं कुणाला, यावर मुलांची मारामारी झाली.

शाळेपुरतं हे चालून गेलं. पण सर हे वेड घेऊन लग्नातही गेले. गावात एका लग्नात पंगत लांबलचक, वाढपी थोडे आणि ऊन मरणाचं. सरांच्यातला जाणकार जागा झाला. त्यांनी वाढप्यांना गोळा करून सांगितलं, की सगळे एकाच टोकाकडून निघतात म्हणून उशीर होतो. भात या टोकाकडून काढा, वरण त्या टोकाकडून काढा, अर्ध्या वेळात काम होईल. वाढप्यांनी मास्तरचं ऐकलं. दोन्ही बादल्या मध्ये भेटल्या आणि वाढपी तिथेच गप्पा मारत थांबले. अर्ध्या पंगतीच्या पानावर कोरडा भात, उरलेल्या अर्ध्या पंगतीत नुसतं वरण वाहतंय. मधे बसलेली चारदोन माणसं मात्र दोन्ही घेऊन निवांत जेवत होती. नवरीचे मामा बाह्या सारत आले.

"कोणाचं डोकं हे?"

सर उभे राहिले. "पद्धत बरोबर हाय. बादल्या थांबल्या."

"सर, तुमी जेवा गप."

"कशाशी जेवू? मला वरणच न्हाई."

मला हे माझ्या यजमानांनी घरी येऊन सांगितलं होतं. ते त्या मधल्या चारदोघांत होते. सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. त्यांचं ते मोठ्यानं हसणं मी शेवटचं तेव्हाच ऐकलं असावं. त्याच उन्हाळ्यात ते गेले.

शाळा उघडल्यावर मी कामावर रुजू झाले. शाळा सुटली तरी मी ग्रंथालयात बसून राहायची, पुस्तकांना कव्हरं घालायची, घातलेली काढून पुन्हा घालायची. लोक फार चांगले होते. यायचे, हळू आवाजात बोलायचे, लवकर जायचे. खंदारे सर एकदाही आले नाहीत. भेटायला न आलेला तेवढा एकच माणूस, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं.

स्पर्धेसाठी तिघांचा संघ लागायचा. ओंकार, अरबाज आणि पूनम जाधव. ओंकारला क्रम चांगला कळायचा. अरबाज चूक शोधण्यात पटाईत, विशेषतः दुसऱ्याची. पूनमचं वेगळंच होतं. सर प्रश्न सांगत असतानाच ती डोळे मिटायची आणि उघडायची तेव्हा तिच्याकडे उत्तर असायचं. "ही पोरगी पायऱ्या चढत न्हाई, बाई," सर मला म्हणाले, "ही वर उभी राहून पायऱ्या मोजती." सरांच्या तोंडून इतकं कौतुक म्हणजे फार झालं.

अडचण अशी, की स्पर्धा दिवाळीनंतर आणि पूनमचे आईबाप दिवाळी होताच ऊसतोडीला निघणार. यंदा त्यांची तोडकऱ्यांची टोळी गंगाखेडकडे जाणार होती. नवराबायको उसाच्या फडात, तर पाचटाच्या झोपडीत, कोपीवर, लहान बहीण चिमीला सांभाळायला पूनम. मागची दोन्ही वर्षं ती अशीच गेली होती आणि परत आल्यावर राहिलेलं सगळं सरांनी तिला शिकवलं होतं. पण आता पुढच्या वर्षी दहावी. या खेपेला गेली, की परत येईल ती लग्नाच्या बोलणीला, असं गावातली माणसं सहज बोलत.

सर तिच्या बापाकडे गेले, तेव्हा मीही सोबत होते. नामदेव जाधव बैलांना पाणी दाखवत होता.

"पोरगी हुशार हाय, मला काय कळत न्हाई का सर?" तो म्हणाला. "पण ल्हानीला कोण बघंल? आमी फडात, ती पाचटात एकली. मागल्या साली शेजारच्या कोपीतलं लेकरू..." त्यानं बादली बैलापुढे सरकवली.

"चिमीबी हितंच राहील. पूनमपाशी."

"अन् त्या दोघी कुणापाशी?"

सरांनी मान खाली घातली. नामदेवनं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "जागा बघा. परीक्षेपुरत्या राहू द्या. पुढल्या फेरीत गेली तर शिकू द्या वरीसभर. न्हाई गेली तर मात्र आणून सोडा, सर. मग मला बोलू नका."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सर ग्रंथालयात आले. मी कव्हर घालत होते. त्यांनी खिशातून खडू काढला आणि माझ्या टेबलावरच गोल आखायला सुरुवात केली.

"बाई, एक कोडं हाय. तुमी मराठीवाल्या, पण बघा जमतंय का. हा गोल मोठी पोरगी. ही गावात पायजे. हा गोल ल्हानी. ही मोठीपाशीच पायजे. आईबाप टोळीत पायजेत. पोरींना छप्पर पायजे, अन् छपराखाली एक बाईमाणूस पायजे. गावात असं घर कोणतं, जिथं छप्पर हाय, बाईमाणूस हाय अन् जागा मोकळी हाय?"

मला खरोखरच कोडं वाटलं. मी इमानदारीनं विचार केला आणि वर्गातल्या मुलीसारखं उत्तर दिलं, "माझं."

"शाब्बास," सर म्हणाले. त्यांनी बाहीनं टेबल पुसलं आणि निघून गेले. मी काय कबूल करून बसले ते घराचं कुलूप काढताना माझ्या ध्यानात आलं.

दिवाळी झाल्यावर टोळी निघाली आणि दोघी बहिणी एक पत्र्याची पेटी घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. चिमी चार वर्षांची. ती आली तीच यजमानांच्या आरामखुर्चीवर चढली. त्या खुर्चीवर उन्हाळ्यापासून कुणी बसलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत ती तिथे मांडी घालून म्हणाली, "भूक लागली."

पूनमनं आठवडाभरात माझ्या स्वयंपाकघराचा क्रम बदलला. रोज लागतं ते हाताशी, सणाला लागतं ते वर. जिथे तिथे खंदारे सर. मीठ कुठे गेलं विचारलं, की ती शांतपणे म्हणायची, "बाई, तुमी आधी काय शिजवताव ते सांगा. मग मीठ आपोआप सापडतंय." मी माझ्याच घरात पाहुणी झाले होते आणि दिवसभर कुणावर तरी ओरडत होते. चिमीला रात्रीचा खोकला होता. तिला मी आल्याचा रस द्यायची, ती थुंकायची.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सगळे गाडीनं परभणीला गेलो. चिमीला ठेवायचं कुठे, म्हणून तीही. केंद्र एका मोठ्या शाळेत होतं. थंडगार खोली, चकचकीत यंत्रं. गाडीत सर शेवटची उजळणी घेत होते. "सांगितल्याशिवाय कशाला हात लावायचा न्हाई. खाणाखुणा म्हंजे सूचना न्हाई. सूचना म्हंजे शब्द. कळलं?"

"कळलं!" तिघं ओरडले. डब्यातले लोक वळून बघायला लागले.

आम्ही व्हरांड्यात खिडकीपाशी उभे राहिलो. आतल्या मॅडमनी सगळ्यांना नीट बसवलं आणि म्हणाल्या, "मी 'सुरू करा' म्हणेपर्यंत कुणीही हात लावायचा नाही." सरांनी माझ्याकडे अभिमानानं बघितलं. बघा, हीच आपली पद्धत.

तेवढ्यात कोपऱ्यातलं एक यंत्र बंद पडलं. मॅडम धावल्या. इकडे घंटा झाली. ठिकठिकाणची हुशार पोरं घंटेबरोबर कामाला लागली. आमची तिघं मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती.

आधी सरांना कौतुक वाटलं. मग त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी खिडकीच्या काचेतून हातानं खूण केली, चला, चला. ओंकारनं सरांना बघितलं आणि हसून मान हलवली, की सर, आम्ही फसणार नाही. सरांनी बोटांनी हवेत बटणं दाबून दाखवली. अरबाजनं पूनमला कोपरानं ढोसलं आणि तिघंही खिडकीकडे पाठ करून बसली. सरांनी काचेवर थाप मारली, तेव्हा तिथला शिपाई आला आणि त्यानं आम्हाला फाटकापर्यंत नेऊन सोडलं. चिमी माझ्या कडेवर टाळ्या वाजवत होती.

मॅडम आमच्या तिघांपाशी पोचल्या तेव्हा निम्मा वेळ संपला होता, असं नंतर कळलं. "अरे, तुम्ही नुसते का बसलात?"

"काय करू, मॅडम?" पूनमनं विचारलं.

"सुरू करा की!"

त्यानंतर म्हणे ती तिघं वाऱ्यासारखी सुटली. सोडवलेलं एकही चुकलं नाही. पण खूप काही राहूनच गेलं.

बाहेर आल्यावर सगळ्यांत आधी अरबाज बोलला. "सर, मॅडम बोलेच नै ना. हमे क्या करते?"

परतीच्या गाडीत चिमी झोपली होती. पूनम खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटलं, तिनं डोळे मिटून पुढच्या सगळ्या पायऱ्या पाहिल्या असणार. मिरखेल स्टेशन गेल्यावर सर म्हणाले, "तुमची चूक न्हाई. सूचना मिळाली न्हाई तर उठून विचारायचं असतंय. ती पायरी मीच शिकवली न्हाई." मग त्यांनी तोंड फिरवलं आणि पूर्णा येईपर्यंत एक पाटी वाचावी तसा गाडीतला पंखा वाचत बसले.

काही आठवड्यांनी निकाल आला. आमच्या शाळेचं नाव पुढच्या फेरीत नव्हतं. पूनमनं त्याच संध्याकाळी पेटी काढली आणि चिमीचे कपडे घडी घालायला बसली. मी तिला थांबवलं नाही. शब्द दिला होता तो सरांनी. ती घड्या घालत होती, मी भाकरी थापत होते आणि चिमी दोघींना विचारत होती, की आपण कुठे चाललो.

रविवारी सकाळच्या एसटीनं सर एकटेच गंगाखेडला गेले. पोरींना घेऊन गेले नाहीत. संध्याकाळी परस्पर माझ्या दारात आले, पायांना माती, शर्टाला पाचट.

"राहू दे म्हणला वरीसभर," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले.

"काय सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं नीट."

पाणी पिण्याच्याही पायऱ्या म्हणून घेणारा माणूस, आणि दिवसभराचा हिशेब एवढाच. मी आणखी विचारलं, तर म्हणाले, "बाई, गाडीनं लय धक्के बसले," आणि निघाले. मला वाटलं, मुलीच्या बुद्धीचं वर्णन करून करून त्यांनी त्या गरीब माणसाला थकवलं असणार. दहावीचं महत्त्व, पोरीचं डोकं, सगळं क्रमानं. आपण दोन मुलींना आसरा देतो आहोत, हे समाधान मला शाळेचं वर्ष संपेपर्यंत पुरलं.

ऐन उन्हाळ्यात टोळी परत आली. पूनम नववीत वर्गात पहिली आली होती. नामदेव आणि त्याची बायको पोरींना न्यायला आले. नामदेवनं माझ्यासाठी गुळाची ढेप आणली होती. मी म्हटलं, "अहो, हे कशाला? उलट तुम्ही सरांचं ऐकलंत, पोरीला शिकू दिलंत, हे मोठं केलंत."

तो गोंधळला. "सर पोरीचं काय बोलले न्हाईत, बाई."

"मग?"

त्यानं बायकोकडे बघितलं. तिनं पदर सावरला आणि तीच बोलली. "सर कोपीपुढं येऊन बसले. म्हणले, हरलो, शब्दापरमानं पोरी तुमच्या. पण बाईंचं घर लय गप झालंय. पोरी आल्यापासून बाई पुन्हा वरडायला लागल्यात. ते तेवढं मोडू नका. माझी मालकीण गेली तवा मला अशी सोबत कुणी दिली न्हाई, म्हणले. माणसाला घरात दुसऱ्याचं खोकणं सुदिक लागतंय, ताई."

"तुमाला सांगू नका म्हणले होते," नामदेव घाईनं म्हणाला. "नुसतं पोरीसाठी इचारलं असतं तर मी न्हाई म्हणलो असतो, बाई. खोटं कशाला बोलू? पण हे आयकल्यावर कसं म्हणावं?"

मी चहा टाकायला आत गेले आणि जरा वेळानं आले.

त्या रात्री मी सगळ्यांना जेवायला थांबवलं आणि पूनमला सरांना बोलवायला पाठवलं. सर आले, हात धुऊन बसले. नामदेव फडातल्या गमती सांगत होता, पूनम वाढत होती. जेवणं झाल्यावर चिमी सरांच्या मांडीवर चढली आणि बोलता बोलता झोपली. बोलणी संपली, वाऱ्याला गारवा आला, नामदेवच्या बायकोनं पेटी दाराशी आणून ठेवली. सरांचा एक पाय मुडपलेला होता, तो केव्हाचा बधिर झाला असणार.

नामदेव वाकला. "द्या सर, उचलतो तिला."

"बसा ओ जरा," सर म्हणाले. "झोपलीय न्हवं."